दुपारी विजापूर रोडला: चायनीज, मोमो, मंडी पहिल्यांदा खाणाऱ्यांसाठी

सोलापुरात दुपारचं जेवण म्हटलं की भाकरी, शेंगा चटणी, आमटी-भात, फार तर बिर्याणी. चायनीज ही संध्याकाळची गोष्ट. गाड्या लागतात पाचनंतर, जाळ पेटतो सहाला. त्यामुळे नोकरीला किंवा शिकायला नव्याने आलेला माणूस भर दुपारी अशा हॉटेलात शिरतो, मेनूकार्डावरची शंभर नावं बघून गोंधळतो, ‘ट्रिपल शेजवान’ सांगून मोकळा होतो आणि पाण्याच्या बाटल्या रिचवत दुपार काढतो. यात दोष पदार्थाचा फार कमी असतो. हे पदार्थ जाळावरून उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटंच चांगले लागतात. त्या दहा मिनिटांत त्यांना गाठायचं कसं, एवढंच शिकायचं आहे.

त्यासाठी एकच भाग धरू: पत्रकार भवन चौकापासून सैफुलपर्यंतचा विजापूर रोड आणि त्याला लागून असलेलं जुळे सोलापूर. वस्ती नवी, शिकणारी मुलं भरपूर, आणि दर काही महिन्यांनी एखादी नवी पाटी लागते. हॉटेलांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. या धंद्यात पाटी तीच राहते आणि कारागीर बदलतो. चव कारागिराबरोबर जाते. कुणीतरी सांगितलेलं नाव सहा महिन्यांत शिळं होतं, पण स्वयंपाकघर ओळखायची नजर एकदा बसली की पुढच्या गल्लीतही कामाला येते.

एका दिवशी एकच प्रकार खा. चायनीज एक दुपार, मोमो दुसरी, मंडी (अरबी पद्धतीचा भात-मांस) तिसरी. सगळं एकाच ताटात मागवलं तर कशाचीच चव कळत नाही, आणि पोट बिघडलं तर कशामुळे बिघडलं तेही कळत नाही.

आधी वेळ

साडेबारा ते सव्वा. याहून लवकर, म्हणजे साडेअकरा वगैरे, गेलात तर भाज्या चिरायचं काम चालू असतं आणि तळणीचं तेल नीट तापलेलं नसतं. कमी तापलेल्या तेलात पडलेला गोळा तेल पितो, आणि ते पुढं दुपारभर जाणवतं. दीडनंतर गर्दी. गर्दीत बिघडतं ते असं: तीन टेबलांच्या तीन ऑर्डरी कारागीर एकाच कढईत एकदम टाकतो. कढई एकदम थंड पडते, भाताला पाणी सुटतं, आणि परतलेला भात मिळायच्या ऐवजी वाफवलेला, गिच्च भात ताटात येतो. हॉटेल तेच, कारागीर तोच, फरक फक्त पाऊण तासाचा. तीननंतर बहुतेक ठिकाणी सकाळची तयारी संपवण्याचं काम चालतं. तेव्हा जाऊ नये.

उन्हाळ्यात ही वेळ आणखी काटेकोर पाळा. सोलापूरचा मे चाळिशीच्या वर असतो, आणि पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात त्याहून जास्त. शिजवलेला भात अशा उष्म्यात तासाभराहून जास्त उघड्यावर राहू नये. भातात बॅसिलस सिरियस नावाचा जीवाणू वाढतो, आणि त्याचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणजे ‘जाळावर परतलाय ना, मग काय होतंय’ हा हिशेब इथे चुकतो. अडचण अशी की चांगल्या फ्राइड राइसला गार झालेला, मोकळा भात लागतोच. मग फरक कशाने पडतो? भात पसरट परातीत पातळ थर देऊन लवकर निववलाय आणि नंतर फ्रीजमध्ये ठेवलाय, की सकाळपासून खोल पातेल्यात दाबून झाकलाय, यावर. काउंटरवरून आत नजर टाकली की हे बहुधा दिसतं.

आठवड्याची सुट्टी प्रत्येकाची वेगळी असते, तेव्हा निघण्याआधी फोन केलेला बरा. ‘चालू आहे का’ एवढंच न विचारता ‘दुपारी किचन चालू असतं का’ असं विचारा. शटर उघडं असतं, पण दुपारी फक्त चहा-सँडविच, असं कॅफेत बऱ्याचदा होतं.

दारात उभं राहून दोन मिनिटं

बसायच्या आधी तळणीच्या कढईकडे बघा. तेल काळपट, वर न विझणारा फेस, आणि गोळा टाकायच्या आधीच धूर येत असेल तर त्या दिवशी तिथं तळलेलं काही खाऊ नका. तळणीचं तेल किती वापरायचं याला नियम आहे: त्यातली ‘टोटल पोलर कंपाउंड्स’, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापवल्याने तयार होणारे घटक, पंचवीस टक्क्यांच्या वर गेली की ते फेकायचं. आपल्याकडे मोजायचं यंत्र नसतं, पण नाक असतं. जुन्या तेलाचा वास रंगाच्या डब्यासारखा येतो.

दुसरं, पाणी. सोलापूरच्या बऱ्याच भागांत वर्षानुवर्षं नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येत आलंय, त्यामुळे हॉटेलात साठवणीचं पाणी असणार हे धरून चालायचं. साठवण वाईट नाही. उघडी टाकी वाईट. पिण्याचं पाणी जारचं आहे का विचारा, आणि कच्चा कोबी, कच्चा कांदा, वरून पेरलेली पात, बर्फ या चार गोष्टी पहिल्या भेटीत टाळा. शिजलेल्याला फारसा धोका नाही, कच्च्याला आहे.

तिसरं, भिंतीवर परवान्याचा कागद: एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा आकडी नंबर. तो असला म्हणजे जेवण चांगलं असं नाही, पण नसेल तर विचार करावा.

चायनीज: पहिल्या दिवशी साधा फ्राइड राइस

आपण ज्याला चायनीज म्हणतो ते इथंच घडलंय. कोलकात्याच्या टांगरा भागात हक्का समाजाचे चिनी लोक चामड्याच्या धंद्यात होते. त्यांच्या घरच्या शिजवण्याला आपली मिरची, आलं-लसूण भेटलं आणि त्यातून हे सगळं पुढं आलं. ‘हक्का नूडल्स’ हे नाव त्या समाजाचं. मंचुरियनचं श्रेय शेफ नेल्सन वँग यांना दिलं जातं: १९७५, मुंबई, क्रिकेट क्लब. चीनच्या मंचुरियात हा पदार्थ शोधायला गेलात तर सापडणार नाही. म्हणून ‘हे खरं चायनीज नाही’ हे ऐकून बिचकू नका. ते भारतीय आहे, आणि भारतीय म्हणूनच चांगलं किंवा वाईट असतं.

पहिल्यांदा साधा व्हेज किंवा अंड्याचा फ्राइड राइस मागवा, शेजवान नको. साध्या भातात लपायला जागा नसते. शक्य असेल तर भट्टी दिसेल अशा टेबलावर बसा आणि बघा. लोखंडी कढई रिकामी तापते, इतकी की तेल पडताच धूर निघतो. आधी लसूण, पाच-सहा सेकंद. मग गाजर, फरसबी, कोबी. पळीने सतत उलथणं. मग भात, आणि इथे चांगला कारागीर पळीच्या पाठीने गठळ्या दाबून मोडतो. मीठ, मिरपूड. सोया सॉस भातावर न ओतता कढईच्या तापलेल्या काठावर सोडतो. तो चुर्रकन उकळून जळतो आणि तोच धुरकट वास भाताला लागतो. शेवटी व्हिनेगरचे थेंब, कांद्याची पात, की उतरवला. हे सगळं दोनेक मिनिटांत संपतं. घरच्या गॅसवर असा भात होत नाही याचं कारण मसाला नाही, जाळ आहे. त्या हाय प्रेशर भट्टीची ज्योत कढईच्या बाहेर येते.

ताट आल्यावर तपासायचं काय? दाणा सुटा हवा, पण कडक नको. ताटाच्या तळाशी तेलाचं तळं नको. भाजी दाताखाली करकरीत लागली पाहिजे. रंग फिकट तपकिरी. काळाकुट्ट भात म्हणजे सोया जास्त, म्हणजे मीठ जास्त. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्येच सुमारे दोन ग्रॅम मीठ असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते. जेवणानंतर घसा कोरडा पडतो तो बहुतेक यामुळे. रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांनी ‘सोया कमी’ हे दोन शब्द विसरू नयेत.

अजिनोमोटोचं नाव त्यापेक्षा जास्त बदनाम आहे. जपानमध्ये १९०८ साली किकुनाए इकेडा यांनी समुद्री शेवाळाच्या रशातून ही चव देणारा ग्लुटामेट वेगळा काढला. तोच ग्लुटामेट टोमॅटोत आणि चीजमध्ये आपसूक असतो. ज्यांना त्याने त्रास होतो त्यांनी ‘नको’ म्हणावं, फक्त एक लक्षात ठेवावं: तयार सॉसमध्ये आणि मसाल्याच्या पुडीत तो आधीच असू शकतो, मग कारागिराने वरून न टाकूनही पूर्ण टळत नाही.

ऑर्डर अशी द्यायची:

‘अण्णा, एक एग फ्राइड राइस हाफ. तिखट मध्यम, सोया कमी, कलर अजिबात नको. आणि एकट्याचा वेगळा परता की, घाई नाही.’

शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं. घाई नाही म्हटल्यावर कारागीर तुमची ऑर्डर दुसऱ्याच्या कढईत ढकलत नाही. कारागीर बऱ्याचदा नेपाळचे किंवा ईशान्येकडचे असतात; हिंदीत, ‘भैया’ऐवजी ‘दादा’ म्हणून, हेच सांगा. हाफ प्लेट एकाला पुरते, फुलमध्ये दोघं जेवतात. ट्रिपल म्हणजे भात, नूडल्स, वर तळलेल्या नूडल्स आणि ग्रेव्ही. ते दोन-तीन जणांचं काम आहे आणि एकट्याने दुपारी त्याच्या नादी लागू नये.

दुसऱ्या भेटीला मंचुरियन. कोबी-गाजराचे गोळे सकाळीच एकदा तळून ठेवलेले असतात, यात गैर काही नाही. पण ऑर्डर आल्यावर ते पुन्हा कडक तेलात तळले गेले पाहिजेत. म्हणून विचारा: ‘गोळे परत तळून देणार ना?’ आलेला पहिला गोळा चमच्याने मधोमध फोडा. बाहेर कुरकुरीत आणि आतून वाफ आली तर बरोबर. आत गार लागला तर परत तळलेलाच नाही, नुसता गरम ग्रेव्हीत बुडवलाय. तसाच परत पाठवा, संकोच करू नका. ग्रेव्ही कॉर्नफ्लोअरची असते. कच्ची राहिली तर जिभेवर पिठूळ चव येते, आणि वीस मिनिटं पडून राहिली तर आधी खळीसारखी घट्ट होते, मग तिला पाणी सुटतं. गप्पा मारत निवांत खायचं असेल तर ड्रायच मागवा.

नूडल्स मोडलेल्या, आखूड तुकडे झालेल्या दिसल्या तर त्या जास्त उकडल्या गेल्यात. गठ्ठा आला तर उकडल्यावर तेल लावून पसरल्या नाहीत. दोन्ही दोष सकाळचे आहेत. भट्टीवर ते दुरुस्त होत नाहीत, म्हणून त्या दिवशी भातच बरा.

शेजवानबद्दल थोडं सांगायलाच हवं. चीनच्या सिचुआन प्रांतात तिखटाबरोबर एक दाणा वापरतात, ज्याने जीभ बधिर होऊन मुंग्या येतात. तो आपल्या कोकणातल्या तिरफळाचा सख्खा भाऊबंद, एकाच कुळातला. आपल्या शेजवान चटणीत तो सहसा नसतोच. लाल मिरची, भरपूर लसूण, आलं, तेल, व्हिनेगर एवढंच असतं. चांगल्या चटणीचा रंग विटकरी असतो आणि तेल वर तरंगतं. बोटाला लागलेला लालभडक रंग साबणाने धुऊनही जात नसेल तर ती नुसती मिरची नसावी. हाच विजापूर रोड पुढं ज्या कर्नाटकात जातो, तिथल्या सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली, ती याच कारणाने. म्हणून ‘कलर नको’ हे प्रत्येक वेळी, प्रत्येक ठिकाणी सांगायचं. नुसता रंग कमी झाल्याने चव तसूभरही बदलत नाही.

सूप उन्हाळ्यात नको. पावसाळ्यात मनचाव ठीक आहे, पण त्याने निम्मं पोट भरतं.

मोमो

तिबेट-नेपाळचा हा पदार्थ आपल्याला परका वाटू नये. उकडीच्या मोदकाला पाऱ्या घालणारी घरं आहेत आपली. पारी मैद्याची, सारण कोबी-कांद्याचं किंवा चिकनच्या खिम्याचं.

पहिली मागणी नेहमी वाफवलेल्याची, म्हणजे स्टीमची. तंदुरी, कुरकुरे, ग्रेव्ही असे दहा प्रकार बोर्डावर असतात, आणि ते वाईटच असतात असं नाही. पण सकाळचा सुकलेला मोमो खपवायची सोयीची जागाही तीच. वाफवलेल्यात तसं करता येत नाही. भांड्यातून सतत वाफ येतेय का बघा. कच्चा मोमो वाफेवर दहा-बारा मिनिटं घेतोच, तेव्हा ऑर्डर दिल्यावर दोन मिनिटांत ताटली आली तर तो आधीचा शिजलेला आहे, एवढं समजून घ्या. गर्दीच्या ठिकाणी आधीचा म्हणजे पाच मिनिटांपूर्वीचा असतो, तो चालतो. रिकाम्या ठिकाणी आधीचा म्हणजे कधीचा, ते सांगता येत नाही.

एक मोमो उचलून उजेडात धरा. कडेची पारी किंचित अर्धपारदर्शक, आतल्या गाजराचा रंग जरा दिसतोय, शेंड्याच्या चुण्या मऊ: बरोबर शिजलाय. शेंडा पांढरा आणि चिवट राहिला असेल तर वाफ कमी पडली. तळ भांड्याला चिकटून फाटला असेल तर जाळीला तेल लावलेलं नाही, किंवा वाफ जास्त झाली. आतला रस खाली सांडून गेला आणि सारण कोरडं पडलं. सगळ्या मोमोंच्या चुण्या शिक्का मारल्यासारख्या एकसारख्या असतील तर ते यंत्राचे, गोठवलेले आलेत. तेही खाता येतात, फक्त मधोमध गार राहत नाहीत ना ते बघायचं. चिकनचा पहिला मोमो नेहमी फोडून बघा. सारण कुठंही गुलाबी, लिबलिबीत दिसलं तर सगळी ताटली परत.

खाताना हातानेच खा, आणि आधी छोटासा चावा घेऊन आतली वाफ जाऊ द्या. एकदम तोंडात टाकला तर टाळू भाजतो. चटणी टोमॅटो, सुकी लाल मिरची आणि लसणाची. काही ठिकाणी तिच्यात शेंगदाणे किंवा तीळ असतात. सोलापूरकराला ती पटकन आवडते, पण शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्याने विचारल्याशिवाय बोट लावू नये. सोबत येणारं पांढरं मेयोनीज दुपारच्या उन्हात बाजूला ठेवलेलं उत्तम. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये वर्षभराची बंदी घातली होती, विषबाधेच्या भीतीने. आपल्याकडच्या वाटीत अंड्याचं आहे की बिनअंड्याचं, हे टेबलावर कळत नाही.

एका ताटलीने जेवण होत नाही. थुक्पा मिळत असेल तर तो घ्या: नूडल्स, भाज्या आणि रस्सा, तिबेटी लोकांचं थंडीतलं पोटभरीचं खाणं. डिसेंबर-जानेवारीत, सिद्धेश्वरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांतल्या गार वाऱ्याला तो चांगला लागतो.

मंडी

या भागात किंवा शहरात कुठंही ‘मंडी’ अशी पाटी दिसली तर भाजी मंडई समजू नका. येमेनच्या हद्रमौत भागातला हा भात-मटणाचा पदार्थ आहे. तिथले लोक निजामाच्या फौजेत आले, हैदराबादच्या बारकस वस्तीत राहिले, आणि तिथून तो तीनेकशे किलोमीटर अलीकडे आपल्यापर्यंत येणं फार अवघड नव्हतं.

मंडी खास दुपारचीच. मांस बंद भट्टीत मंद शिजतं, त्याचा रस आणि चरबी भातात उतरते. असं एकदा लावलेलं भांडं दिवसभर पुरवतात. पहिलं भांडं उघडतं ते दुपारी. त्यामुळे फोनवर विचारायचा प्रश्न एकच: ‘आजची पहिली मंडी किती वाजता निघते?’ त्या वेळेनंतर अर्ध्या तासात पोचा. संध्याकाळचा भात तळाशी गिच्च आणि वर कोरडा झालेला असतो.

मागवायची माणशी. चिकनची असेल तर एका माणसाला पाव कोंबडी, दोघांना हाफ. भात मोठ्या थाळ्यात एकत्र येतो, सगळ्यांनी एकाच थाळ्यातून, आपापल्या बाजूने खायचा. मधलं मांस थोरल्याने किंवा बोलावणाऱ्याने तोडून वाटावं, हीच रीत. एकट्याने गेलात तर वेगळी प्लेट मिळते का, आधीच विचारून घ्या. बरेच जण एकट्यासाठी देत नाहीत.

आता चवीचं. काळ्या मसाल्याच्या रश्शावर वाढलेल्या जिभेला मंडीचा पहिला घास फिका लागणार. तिथेच बहुतेक जण चुकतात: लगेच तिखट मागतात, भातावर चटणी ओततात आणि ‘बिर्याणीच बरी’ म्हणून उठतात. मंडी बिर्याणीची बहीण नाही. तिच्यात तिखटाची जागा वेलची, लवंग, दालचिनी आणि वाळवलेल्या लिंबाच्या आंबट-कडवट वासाने घेतलीय. चार घास नुसता भात खा, कडेचा नको, मांसाखालचा; रस तिथं उतरलेला असतो. मग टोमॅटो-हिरव्या मिरचीची पातळ चटणी चमच्याने, घासापुरती. हाडाजवळ लालसर छटा दिसली तर घाबरू नका, कोवळ्या कोंबडीत शिजल्यावरही ती राहते. मांस हाडापासून सहज सुटतंय आणि रस पाण्यासारखा स्वच्छ आहे, एवढं झालं की ते शिजलंय.

शुक्रवारी नमाजाच्या वेळी अशी बरीच हॉटेलं तासभर बंद असतात किंवा निम्म्या माणसांवर चालतात. त्या दिवशी बारालाच जा, नाहीतर सव्वादोनला. रमजानमध्ये दुपारी बहुधा बंदच, तेव्हा विचार संध्याकाळचा करा. आणि मंडी खाऊन लगेच कामावर बसायचं असेल तर अर्धीच खा. हे जेवण झोपेला बोलावतं.

कॅफेतलं कोरियन, थाई

कोरियन नूडल्स म्हणजे जवळजवळ सगळीकडे पाकीटच असतं, वर अंडं नाहीतर चीज. त्यासाठी कॅफेचा दर द्यावा का, हे ज्याचं त्याने ठरवावं. तिखटाबद्दल मात्र सावध राहा. आपलं तिखट तेल-मसाल्यात मुरलेलं असतं, आणि शेंगदाणा त्याला आवरतो. यांचं तिखट आधी गोड लागतं आणि तिसऱ्या घासाला पेटतं. डेन्मार्कने जून २०२४ मध्ये अशा काही नूडल्स अति तिखट म्हणून दुकानांतून काढायला लावल्या होत्या. अर्धाच मसाला टाकायला सांगा. पाणी पिऊन जळजळ जात नाही, तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. दूध, दही किंवा ताक घ्या.

थाई खायचं तर पॅड थाईपासून सुरुवात करा. चिंच, गोडवा आणि भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट: हे त्रिकूट आपल्या आमटीतलंच आहे, फक्त ते तांदळाच्या नूडल्सवर बसलंय. शेंगदाणा खवट लागला तर लगेच कळेल. सोलापूरच्या माणसाला याबाबत कुणी फसवू शकत नाही. ग्रीन करीत गवती चहाचे दांडे, लिंबाची पानं, आल्यासारखे जाड काप असतात, ते वासासाठी. चावायचे नाहीत, कढीपत्त्यासारखे बाजूला काढायचे.

शाकाहारी असाल तर

लिंगायत, जैन, माळकरी घरांतून आलेल्यांनी हा भाग नीट वाचावा, कारण ‘व्हेज’ हा शब्द इथे पुरेसा नसतो. मिश्र हॉटेलात कढई एकच, पळी एकच, आणि तळणीचं तेल एकच असतं. ज्या तेलात चिकन लॉलीपॉप तळलं त्यातच गोबी. ‘व्हेज आहे ना?’ असं विचारलं तर ‘होय’ हेच उत्तर येणार, आणि सांगणाऱ्याच्या लेखी ते खोटंही नसतं. म्हणून प्रश्न नेमके विचारा: तळणीचं तेल वेगळं आहे का? सूपला कोणतं पाणी वापरता, साधं की चिकनचं? नूडल्समध्ये अंडं आहे का? ऑयस्टर (कालवांचा) सॉस टाकता का? थाई मसाल्यात बहुधा कोळंबीची पेस्ट किंवा माशाचा सॉस असतो, कोरियन किमचीत, म्हणजे आंबवलेल्या कोबीतही तेच. भाजीच दिसते म्हणून ती शाकाहारी ठरत नाही. मन मानत नसेल तर सरळ शुद्ध शाकाहारी पाटी असलेल्या ठिकाणी जा. तिथं नूडल्स आणि मंचुरियन दोन्ही चांगले मिळू शकतात.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांना चायनीज जवळजवळ नाहीच. लसूण आधीच वाटून ठेवलेल्या सॉसमध्ये असतो, आणि ‘टाकत नाही’ म्हणणाऱ्याच्या हातून तो कढईतून येतोच. गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावं, सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो.

पार्सल आणि बिल

पार्सल न्यायचं तर घरून स्टीलचा डबा न्या. उकळती ग्रेव्ही पातळ प्लास्टिकच्या पिशवीत भरून घेणं बरं नाही, हे सगळ्यांना माहीत असूनही आपण घेतो. मंचुरियनचे गोळे आणि ग्रेव्ही वेगळे मागा, घरी गेल्यावर एकत्र करा. फ्राइड राइसच्या डब्याचं झाकण रस्त्यात जरा तिरकं ठेवा, नाहीतर वाफेचं पाणी भातावर गळतं. मोमो वीस मिनिटांत खाता येणार नसतील तर पार्सल घेऊच नका. उरलेला भात रात्रीसाठी ओट्यावर ठेवायचा नाही. फ्रीज किंवा कचरा.

बिलावर पाच टक्के जीएसटी असू शकतो. लहान हॉटेल कंपोझिशन योजनेत (उलाढालीवर ठरावीक कर भरायची लहान धंद्यांची सोय) असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. बिलावर तसं लिहिलेलं असतं, वाचून पैसे द्या. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे.

काही आवडलं तर पैसे देताना कारागिराचं नाव विचारून घ्या, आणि तो कोणत्या वारी सुट्टीवर असतो तेही. त्या वारी भट्टीवर हेल्पर उभा असतो आणि भात हमखास गिच्च होतो. तो दिवस मोमोचा ठेवा.